टीन हॉरर (किशोरांसाठीच्या भयकथा) मजेसाठी वाचणारे कोणी आहे का इथे?

जिन्याखालची:
इथे जाडजूड पुस्तकांवरचे धागे जोरात चालतात, त्यात हे जरा हलकं वाटेल. तरी विचारतेच.

सध्या मी आर. एल. स्टाइनची 'फिअर स्ट्रीट' मालिका पुन्हा वाचायला घेतली आहे. १९८९ मध्ये 'द न्यू गर्ल'पासून सुरू झालेली. शॅडीसाइड नावाचं गाव, गावात हा बदनाम रस्ता, त्यावर एक जळका वाडा, आसपास रान आणि दफनभूमी. तिथे माणसं पटापट मरतात, आणि पुढच्या पुस्तकात नवं कुटुंब सामानसुमान घेऊन तिथेच राहायला हजर!

भीती म्हणाल तर शून्य. प्रकरण संपता संपता नायिकेच्या खांद्यावर थंडगार हात पडतो. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत तो हात वर्गमित्राचा निघतो. असं होणार हे मला माहीत असतं. मला ते माहीत असणार हे स्टाइनलाही माहीत असतं. तरी मी पान उलटतेच.

माझं मत असं की टीन हॉरर भीतीसाठी वाचायचंच नसतं. ते वेगासाठी वाचायचं, आणि त्या वयातल्या टोकाच्या भावनांसाठी. नाचाच्या कार्यक्रमाला कोण कोणाबरोबर जाणार आणि खून कोणी केला, हे दोन्ही प्रश्न तिथे सारख्याच जिवावरचे असतात. कोणाला पटतंय का? आणि मोठेपणी परत वाचल्यावर तुमच्यासाठी कोणतं पुस्तक टिकलं, कोणतं कोसळलं?

खविसराव:
पहिला! मी वाचतो. बॅगेत वर व्यवस्थापनशास्त्राचं पुस्तक, खाली क्रिस्तोफर पाइकची भयकथा. प्रवासात कोणी डोकावलंच तर वरचं दाखवतो.

पानगळ:
@खविसराव, वरचं पुस्तक जास्त भीतिदायक असणार.

तिरकस रेघ:
मजेसाठी कोणी काहीही वाचावं, त्याला हरकत नाही. पण नंतर त्याच्यात खोल अर्थ शोधायला लागू नये एवढीच विनंती. नव्वदच्या दशकात हे गृहस्थ महिन्याला एक गूजबम्प्स (ही त्यांची लहान मुलांसाठीची भयमालिका) आणि एक फिअर स्ट्रीट, अशा वेगाने लिहीत होते. त्या वेगात साचाच निघणार. नवी मुलगी, देखणा पण संशयास्पद मुलगा, निनावी चिठ्ठी, दोन खोट्या धास्ती, एक खरी, शेवटी ज्याच्यावर कोणाचाच संशय नव्हता तो/ती. एक वाचलं की सगळी वाचली.

जिन्याखालची:
@तिरकस रेघ, साचा आहे म्हणून तर वाचते! रहस्यकथेत खून झाला नाही तर चिडता की नाही तुम्ही?

पानगळ:
साच्याबद्दल थोडं. स्टाइन मुळात विनोदी लेखक. 'जोव्हियल बॉब स्टाइन' या नावाने मुलांसाठी विनोदाची पुस्तकं लिहायचा, 'बनानाज' नावाच्या विनोदी मासिकाचा संपादक होता. हॉररकडे वळला तो संपादिकेने सांगितलं म्हणून. 'ब्लाइंड डेट' हे नावसुद्धा तिनेच दिलं, गोष्ट त्याने नंतर रचली. ते पुस्तक १९८६ मध्ये आलं. पुढे त्याने तीच पद्धत ठेवली: आधी नाव, मग प्रकरणवार आराखडा, आणि शेवट ठरल्याशिवाय लेखनाला हात नाही.

आता त्या खांद्यावरच्या हाताकडे बघा. आधी ताण वाढवायचा, क्षणभर थांबायचं, मग फुगा फोडायचा. ही सरळ सरळ विनोदाची चाल आहे, फक्त शेवटी हसण्याऐवजी किंकाळी ठेवली आहे. म्हणूनच धागाकर्तीला भीती वाटत नसूनही मजा येते, असा माझा तर्क.

शेवटचं_पान:
स्टाइन आणि पाइक यांना एकाच फळीवर ठेवतात हा पाइकवर अन्याय आहे, आणि तो दूर केल्याशिवाय मी या धाग्यावरून हलणार नाही.

क्रिस्तोफर पाइक हे टोपणनाव. खरं नाव केव्हिन मॅकफॅडन. टोपणनाव उचललं स्टार ट्रेकमधल्या कॅप्टनवरून. त्याचं 'स्लंबर पार्टी' १९८५ चं, म्हणजे 'ब्लाइंड डेट'च्या आधीचं. त्यात भूत नाही. बर्फातल्या घरी सुट्टीला जमलेल्या मुली आहेत, आणि त्यांच्या लहानपणी अशाच एका रात्री झालेला जळिताचा अपघात. भीती सगळी अपराधीपणाची.

पण खरा पाइक बघायचा तर 'रिमेंबर मी' (१९८९). निवेदिका पहिल्यापासून मेलेली आहे. पार्टीत बाल्कनीतून पडली, सगळे आत्महत्या म्हणतात, आणि ही स्वतःच्याच खुनाचा तपास करत फिरते. आई रडते आहे, आपण समोर उभे आहोत, आणि तिला दिसत नाही. स्टाइनच्या पुस्तकात मेलेला माणूस पुढच्या प्रकरणात कोणाला आठवत नाही. पाइकच्या पुस्तकात मरण चिकटून राहतं. 'द मिडनाइट क्लब' (१९९४) तर मरणाला टेकलेल्या मुलांच्या शुश्रूषागृहातच घडतं. ती मुलं मध्यरात्री जमून एकमेकांना गोष्टी सांगतात, आणि जो आधी जाईल त्याने पलीकडून खूण करायची असं ठरवतात. हे पुस्तक 'वेगासाठी' वाचून दाखवा मला.

खविसराव:
पाइकचं 'द लास्ट व्हॅम्पायर' कोणी वाचलंय का? पाच हजार वर्षांची रक्तपिपासू नायिका, प्राचीन भारतात जन्मलेली, केस सोनेरी, नाव सीता. आणि पुढे साक्षात श्रीकृष्णाची भेट!

पानगळ:
त्रेता आणि द्वापर एकाच मुखपृष्ठात. हसून हसून पुरेवाट.

उंबरा:
कृष्णभेटीचा तो प्रसंग मात्र चांगला लिहिलाय हो. हसत हसत वाचायला घेतला आणि मध्येच गप्प झाले. ज्याने हिला बनवलं त्याचं नाव यक्ष आहे, हेही सांगून ठेवते. लेखकाने आपल्या परीने मन लावलंय.

तिरकस रेघ:
@शेवटचं_पान, 'रिमेंबर मी'बद्दल सहमत. माझा साच्याचा मुद्दा स्टाइनपुरता धरा.

शेवटचं_पान:
नोंद केली आहे. तारीख-वार लिहून ठेवतो.

चकवा२:
मिडनाइट क्लबची मालिका आली होती २०२२ मध्ये, माइक फ्लॅनगनची. पहिल्याच भागात २१ दचके, आणि त्यासाठी गिनीज बुकात नोंद. गंमत म्हणजे दिग्दर्शकाला असे दचके आवडत नाहीत. वरून 'आणखी घाला' असा आग्रह होतो म्हणून त्याने एकाच भागात इतके कोंबले की त्यातली हवाच जावी.

उंबरा:
मला या जुन्या पुस्तकांत सगळ्यात जास्त कशाची मजा वाटत असेल तर फोनची. तारेचा फोन! 'द बेबीसिटर'मध्ये (१९८९, स्टाइनच) परक्या घरात मुलगी एकटी, लहान पोर वर झोपलेलं, आणि फोन वाजतो. पलीकडे फक्त श्वास. आज नंबर दिसतो, ब्लॉक करता येतो, संपली गोष्ट. मोबाइलने या अख्ख्या प्रकाराचा गळा घोटला.

खविसराव:
आज पलीकडे फक्त श्वास असेल तर आपणच म्हणतो, "आवाज येत नाहीये, म्यूटवर आहात."

मिणमिणता कंदील:
मोबाइलवरून आठवलं. लोइस डंकनची जुनी पुस्तकं २०१० च्या सुमारास पुन्हा काढली तेव्हा त्यात चक्क मोबाइल घातले. 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' मूळचं १९७३ चं. त्यातला एकजण व्हिएतनामहून परतलेला असतो, नव्या आवृत्तीत तो इराकहून परततो. मोबाइल आल्यावर आता पात्रांनी मदतीला फोन का केला नाही, हे प्रत्येक वेळी सांगत बसावं लागतं. कधी रेंज नाही, कधी बॅटरी संपलेली. मला जुनीच आवृत्ती बरी वाटते.

चकवा२:
हे पुस्तक १९७३ चं?? मी सिनेमावरून पुस्तक निघालं समजत होतो. आकडा घेऊन फिरणारा खुनी तोच ना?

मिणमिणता कंदील:
पुस्तकात आकडा नाही, कोळ्याचा रेनकोट नाही, आणि त्या चौघांपैकी कोणी मरतही नाही. गाडीखाली सायकलवरचा एक लहान मुलगा येतो, चौघं गाडी न थांबवता निघून जातात आणि गप्प बसायचं ठरवतात. बाकी पुस्तक त्या गप्प बसण्याचं आहे. १९९७ च्या सिनेमाने त्याचा कत्तलपट केला. डंकनना तो अजिबात रुचला नाही. १९८९ मध्ये त्यांच्या स्वतःच्या मुलीचा खून झाला होता. पोरांच्या खुनावर थिएटरात पॉपकॉर्न खात बसायचं, हे त्यांना कसं सोसावं.

उंबरा:
हे माहीत नव्हतं. आता तो सिनेमा लागला तर वेगळा दिसेल.

सई_वाचते:
मी मूक वाचक, पण एक प्रश्न आहे म्हणून लिहिते. मुलगी अकरा वर्षांची आहे. गूजबम्प्स फडशा पाडून झालं, आता फिअर स्ट्रीट मागते आहे. देऊ का? तुम्ही सगळे मोठे होऊन वाचताय, मला मोठं व्हायच्या आधीचं सांगा.

पानगळ:
सई, दोन्हींत लेखक एकच असला तरी माल वेगळा आहे. गूजबम्प्स (१९९२ ते ९७ ची मूळ मालिका, ६२ पुस्तकं) साधारण आठ ते बारा वयासाठी. त्यात सहसा कोणी मरत नाही, आणि घटस्फोट, व्यसनं असलं खरं जग स्टाइन मुद्दाम बाहेर ठेवतो. हे सगळं खोटं आहे याची खात्री पोरांना असली की मग हवं तेवढं घाबरवता येतं, असं त्याचं म्हणणं. फिअर स्ट्रीटमध्ये मुडदे पडतात, आणि बहुतेक वेळा पाडणारा माणूसच असतो. मत्सर, प्रेमभंग, सूड. अकराव्या वर्षी भुतापेक्षा मैत्रिणीने केलेला खून जड जाऊ शकतो.

शेवटचं_पान:
आणि एकदा वाचून स्वतः बघा. दोन तासांचं काम आहे.

मिणमिणता कंदील:
पोरांना काय झेपतं हे पोरं बरोबर सांगतात. 'द बेस्ट फ्रेंड'मध्ये (१९९२) स्टाइनने शेवट वाईट केला: दोषी सुटते, निर्दोष अडकते. वाचकांनी पत्रांचा भडिमार केला. शाळांमध्ये गेला की पोरं तोंडावर विचारायची, असं का केलंस. शेवटी दुसरा भाग काढावा लागला. मारा हवे तेवढे, पण न्याय करा, असा त्यांचा हिशेब असतो.

तिरकस रेघ:
थोडक्यात, मुलांना साचाच हवा असतो. माझंच म्हणणं.

जिन्याखालची:
@तिरकस रेघ, अहो तुम्ही हरलेल्या मुद्द्यावर जिंकलात.

चकवा२:
पोरांना झेपतं, मोठ्यांना झेपत नाही. आल्विन श्वार्ट्झची 'स्केरी स्टोरीज टू टेल इन द डार्क' मालिका १९९० च्या दशकात अमेरिकन ग्रंथालयांत सगळ्यात जास्त आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या यादीत पहिली होती. गूजबम्प्सही त्या यादीत आहे. पण मुलं श्वार्ट्झच्या गोष्टी विसरली, स्टीफन गॅमेलची चित्रं नाही विसरली. शाईचे ओघळ, अर्धवट विरघळलेले चेहरे. २०११ मध्ये ती काढून सौम्य चित्रं टाकली तर मोठे झालेले वाचकच खवळले. पुढे जुनी परत आणली.

उंबरा:
नका आठवण करू. त्यातल्या एका चित्राचं पान मी चिमटा लावून बंद ठेवायचे. ही गोष्ट लहानपणची नाही, हेही सांगते.

रानभूल:
इतके प्रतिसाद झाले आणि नारायण धारपांचं नाव नाही? धागा अप्रकाशित करा.

शेवटचं_पान:
धारप किशोरांसाठी कुठे लिहीत होते? किशोर स्वतःहून तिकडे गेले. मीही. त्यांच्या कथांतल्या समर्थांनी येऊन सोडवेपर्यंत पांघरूण डोक्यावर.

रानभूल:
तेच तर. मतकरींच्या गूढकथाही तशाच चोरून वाचल्या. तेराव्या वर्षी 'खेकडा' वाचलेल्या माणसाला शॅडीसाइडमध्ये सुट्टीला आल्यासारखं वाटतं. टीन हॉरर असा वेगळा खण नसल्यामुळे आपण एकदम खोल पाण्यात पडलो. धागाकर्तीला स्टाइनची भीती वाटत नाही त्यामागे हेच असेल.

जिन्याखालची:
@रानभूल, असेलही. धारप मी आजही दिवसाच वाचते.

अर्धा_टप्पा:
अवांतर: २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, स्क्रिव्हनर, क्लासेन आणि मंडळींचा. हॉररपटांच्या चाहत्यांना करोनाच्या काळात मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचं दिसलं. खोट्या भीतीत सराव झाला की खरी भीती पेलायला मदत होते, असा त्यांचा अंदाज. म्हणजे आपण सगळे व्यायाम करतोय.

तिरकस रेघ:
तो सिनेमांचा अभ्यास, पुस्तकांचा नव्हे. आणि लोकांनी स्वतःच सांगितलेल्या माहितीवर. मुळात घट्ट मनाची माणसंच हॉररकडे वळत असतील तर? मजा येते म्हणून वाचतो एवढं म्हणायला लाज का वाटावी? औषध असल्याचं सर्टिफिकेट कशाला हवं?

खविसराव:
+१. तिरकस रेघ आता आमच्या बाजूने बोलायला लागले. यांच्या अंगात कोणीतरी शिरलंय.

मिणमिणता कंदील:
मूळ प्रश्नाकडे येते. 'भीती वाटत नाही' हे मला पटलेलं नाही. खुनी, भूत, बाहुला यांची वाटत नाही, ठीक. पण या पुस्तकांत एक गोष्ट जवळपास नेहमी असते: मोठं माणूस उपयोगाचं नसतं. आईवडील गावाला गेलेले, किंवा घरात असून ऐकत नाहीत. पोलीस म्हणतात, कोणीतरी चेष्टा केली असेल. मुलगी जीव तोडून सांगते आणि समोरचा तिच्या कपाळाला हात लावून ताप बघतो. लेखकाच्या दृष्टीने ही निव्वळ सोय आहे, मोठ्यांनी ऐकलं तर पुस्तक चाळिसाव्या पानावर संपेल. पण चौदाव्या वर्षी हे वाचताना मला ती सोय वाटली नव्हती. घरोघरी असंच असतं असं वाटलं होतं. आज वाचते तेव्हा मी कपाळाला हात लावणाऱ्या बाजूला असते, आणि ते जास्त अस्वस्थ करतं.

सई_वाचते:
हे वाचून मुलीला आधी विचारलं, की तुला त्यात काय आवडतं. म्हणाली, "त्यातले आईबाबा सारखे बाहेर असतात."

खविसराव:
सई, द्या तिला पुस्तक आणि जरा बाहेर फिरून या.

चकवा२:
कंदील, मग अॅडम सेझारचं 'क्लाउन इन अ कॉर्नफील्ड' वाचाच. २०२० चं, किशोर विभागात ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळालेलं. मक्याची शेतं, बंद पडलेला कारखाना, व्हिडिओ काढणारी टवाळ पोरं, विदूषकाचा मुखवटा घातलेला खुनी. उंबरा, यात सगळ्यांकडे मोबाइल आहेत आणि तरी गोष्ट पळते. मोठी माणसं तर त्यात नुसती बिनउपयोगाची नाहीत, मुखवट्यामागे तीच

शेवटचं_पान:
थांबा!!! स्पॉयलर! मी निम्म्यावर आहे!

चकवा२:
मुखवट्यामागे तीच ती जुनी मजा आहे, असं म्हणत होतो.

शेवटचं_पान:
काही उपयोग नाही आता.

जिन्याखालची:
कंदील, तुमचा प्रतिसाद डोक्यात राहिला. काल 'द हॉन्टेड मास्क' (१९९३) परत काढलं. गूजबम्प्समधलं आहे, तांत्रिकदृष्ट्या टीन नाही, माहितीये. सतत घाबरवली जाणारी कार्ली बेथ एकदा दुसऱ्यांना घाबरवायचं ठरवते, मुखवटा चढवते, आणि तो निघत नाही. मूळ कल्पना स्टाइनच्या मुलाच्या डोक्यात अडकलेल्या फ्रँकेन्स्टाइनच्या मुखवट्यावरून सुचली. लहानपणी मला त्या न निघणाऱ्या मुखवट्याची भीती वाटलेली. आता लक्षात राहिलं ते आईने तिच्या चेहऱ्याचं केलेलं प्लास्टरचं शिर, जे आधी तिला लाजिरवाणं वाटतं. त्या शिराचं पुढे काय होतं ते सांगत नाही, शेवटचं_पान ओरडतील. हे टिकलं. 'भीती शून्य' हे माझं विधान फिअर स्ट्रीटपुरतं ठेवते.

कोसळलेल्यांत पहिला नंबर 'चिकन चिकन'. दोन पोरांना पिसं फुटायला लागतात, चोच येते. त्याबद्दल आणखी बोलण्यासारखं काही नाही.

पानगळ:
'चिकन चिकन'ला नावं ठेवायची नाहीत. ती शोकांतिका आहे.

शेवटचं_पान:
माझी टिकलेली: 'रिमेंबर मी', डंकनचं मूळ 'लास्ट समर'. कोसळलेलं: पाइकचं 'चेन लेटर'. चिठ्ठ्या येत असतात तोवर उत्तम, चिठ्ठ्या कोण पाठवतो ते कळलं की सगळी हवा जाते.

रानभूल:
मला सुरुवात करायची आहे, हसू नका. फिअर स्ट्रीट क्रमाने वाचावं लागतं का?

जिन्याखालची:
अजिबात नाही, कुठूनही घ्या. फक्त 'फिअर स्ट्रीट सागा'ची तीन पुस्तकं, 'द बिट्रेयल', 'द सीक्रेट', 'द बर्निंग' (तिन्ही १९९३), क्रमाने वाचा. शाप कुठून आला ते त्यात आहे. १६९२ मध्ये चेटकीण ठरवून जाळलेल्या मायलेकी, आणि मग दोन घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. २०२१ चे तीन सिनेमे पाहिले असतील तर ते डोक्यातून काढून टाका, त्यांतली १६६६ ची गोष्ट वेगळी रचली आहे.

रानभूल:
धन्यवाद, वाचनखूण साठवली. कोणाकडे पीडीएफ आहे का?

संपादक मंडळ:
पीडीएफची मागणी धाग्यावर करू नये. याआधीही सूचना दिली आहे.

खविसराव:
बघा, खांद्यावर हात पडला.